सुधाकरची बागकामाची रजा

बातमी आली तेव्हा मी रिसोड रस्त्यावरच्या एका वावरात बांधाच्या दगडाजवळ उभा होतो. मी जमीन मोजणीच्या नोकरीत आहे. तूर निघून वावरं मोकळी झाली की आमच्या कामाचा जोर असतो, तो पेरणीपर्यंत. दोन्ही शेजारी शेतकरी समोरासमोर उभे होते, दोघांचीही नजर माझ्या यंत्रावर होती. खिशात मोबाइल थरथरला. आमच्या ग्रुपवर निलेशचा मेसेज होता : 'सुधाकरभाऊ आज सकाळी वारले. नागपूरले.' मी तो वाचला, आणि माझ्या अंगठ्यानं त्याखाली एक शब्द लिहून पाठवला : 'आधार?'

हे मी लपवू शकलो असतो. नंतर पुसूनही टाकता आलं असतं. पण ग्रुपमधल्या सगळ्यांनी ते वाचलं आहे आणि मीही ते रोज एकदा उघडून वाचतो, तेव्हा ते इथेही लिहिलेलं बरं. आठ हिवाळे मी त्या ग्रुपवर आलेल्या प्रत्येक बातमीखाली हाच शब्द लिहीत आलो. बोटांना सवय झाली होती. वाचलेलं डोक्यापर्यंत पोचायच्या आधी बोटं चालली.  अकरा मिनिटांनी निलेशनं लिहिलं, 'वहिनींचा फोन आला मले.' तोपर्यंत मी वावरातच बसलो होतो. शेतकऱ्यांपैकी एकानं पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "काय झालं साहेब, मोजणी चुकली काय?"

ग्रुपबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आम्ही सात जण. सगळे वाशीम जिल्ह्यातले आणि सगळ्यांना फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतींचं वेड. आमच्याकडे हे वेड दुर्मीळ. क्रिकेटवर बोलायला चौकात माणूस सापडतो, टायर किती फेऱ्या टिकेल यावर बोलायला सात माणसं गोळा करायची तर अख्खा जिल्हा पालथा घालावा लागतो. शर्यतींचा सीझन डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि मार्चमध्ये पुन्हा सुरू होतो. मधले तीन महिने गाड्या बंद. पण खरं बोलणं त्याच तीन महिन्यांत चालतं. कोणता ड्रायव्हर कोणत्या टीममध्ये चालला, कोणाचा इंजिनिअर फुटला, नवं इंजिन कसं आहे, नव्या गाडीचा रंग कोणता... सगळी ऐकीव माहिती, सगळे अंदाज. शर्यत नसते, त्यामुळे खोटं ठरायची भीती नसते. म्हणून ग्रुपला अनसिंगच्या राऊत सरांनी 'हिवाळी अधिवेशन' असं नाव दिलं होतं. या अधिवेशनात सगळ्यात जास्त बोलायचा तो सुधाकर.

सुधाकर आणि मी कारंज्याला पाचवीपासून एका बाकावर. तो इंझोरीहून यायचा. पुढे मी नोकरीला लागून वाशीमला आलो, त्यानं नागपूरला एका वर्कशॉपात ट्रॅक्टरच्या पंप-नोझलचं काम शिकून कारंज्यात दुकान टाकलं. शर्यती त्यानं नागपुरातच पहिल्यांदा पाहिल्या, खानावळीच्या टीव्हीवर. परत आला तो हे वेड घेऊनच. आमच्या केबलवाल्याला पटवून तो रविवारी ते चॅनल लावायला लावायचा, आणि एकदा त्याच वेळेला बायकांची मालिका गेली म्हणून केबलवाल्याच्या दारात पंधरावीस जणी उभ्या राहिल्या. सुधाकर त्यांना समजावत होता, "मावशी, मालिका उद्या बी तिथंच असन. हे गाड्या आज गेल्या का गेल्या." दिल्लीजवळ तीन वर्षं शर्यत भरली, त्यातल्या दुसऱ्या वर्षी तो एकटा जाऊन आला. माझ्याकडे रजा शिल्लक होती, तरी मी गेलो नाही. टीव्हीवर प्रत्येक गाडी नीट दिसते, तिथे एका वळणावर बसून काय दिसणार, असा माझा हिशेब होता. तो परत आल्यावर मी विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, "दिसत काहीच नाही बे. छातीत वाजते."

त्याचं सगळं ज्ञान कानातलं होतं. डिझेलचं नोझल तपासताना ते यंत्रावर लावून हातानं दांडा दाबतात. चांगलं नोझल करकरतं, बिघडलेलं गप्प राहतं किंवा नुसतं थेंब गाळतं. सुधाकर दुकानात पाठ करून बसलेला असायचा आणि पोरगं मागे दांडा दाबत असलं तर न वळता सांगायचा, "हे नाही, दुसरं लाव." एका हिवाळ्यात एका टीमनं कारखान्यात नवं इंजिन पहिल्यांदा सुरू केल्याचा दहा सेकंदांचा आवाज लोकांसाठी सोडला. सुधाकरनं तो मोबाइल कानाला लावून दिवसभर ऐकला असावा. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, 'हे इंजिन उन्हाळ्यात पाणी मांगते. लिहून ठेव.' मी विचारलं, आधार? तो म्हणाला, 'कान.' माझ्या वहीत कानासाठी रकाना नव्हता. मी 'बिनआधार' असं लिहिलं. मे-जूनपर्यंत त्या टीमच्या गाड्या धूर सोडत कडेला उभ्या राहायला लागल्या. शेवटच्या रकान्यात मी 'बरोबर' लिहिलं, पण 'बिनआधार' खोडलं नाही. नियम नियम होता.

नियम का झाला तेही सांगतो. ग्रुपच्या पहिल्या हिवाळ्यात सुधाकरनं खात्रीनं सांगितलं की राऊत सरांचा लाडका ड्रायव्हर निवृत्त होतो आहे. सरांनी त्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकली. दोन दिवस त्यांचा कोणाशी संवाद नव्हता. बातमी खोटी निघाली तेव्हा सरांनी ग्रुप सोडला आणि त्यांना परत आणायला मला अनसिंगला जावं लागलं. परत आल्यावर मी पाच कलमं लिहून काढली. सीझन चालू असताना कोणीही काहीही बोलावं, रविवारची शर्यत खरं-खोटं करते. पण शेवटची शर्यत संपल्याचा झेंडा पडल्यापासून पुढच्या सीझनची पहिली शर्यत सुटताना दिवे विझेपर्यंत प्रत्येक बातमीला आधार हवा. कोणी सांगितलं, कुठे छापलं. एका हिवाळ्यात आधार नसलेल्या तीन बातम्या ज्याच्या नावावर लागतील, त्यानं पहिल्या शर्यतीपर्यंत ग्रुपवर गप्प बसायचं. वही मी ठेवायची. सगळ्यांनी हसत हसत मान्य केलं. सगळ्यात मोठ्यानं सुधाकर हसला. "लेका, तू माह्यासाठी अख्खा कायदा केला!"

वहीचे आकडे असे आहेत. गेल्या सात हिवाळ्यांत सुधाकरच्या दोनशे चौदा बातम्या, त्यांपैकी खऱ्या निघाल्या एकाहत्तर. माझ्या अठ्ठावन्न, खऱ्या शेहेचाळीस. हे मी त्याला एकदा ऐकवलं होतं, त्याच्या दुकानात, चहा पिताना. तो म्हणाला, "तू खरा निंगतं कारण तू बोलतच नाही. सात वर्षांत अठ्ठावन्न डाव तोंड उघडलं तुवानं." आणखी एक आकडा मी त्याला कधी सांगितला नाही. त्याच्या बिनआधार बातम्या वेगळ्या काढल्या तर त्या चौदा होत्या आणि खऱ्या निघाल्या आठ. म्हणजे ऐकून-वाचून सांगितलेल्यापेक्षा त्याचं नुसतं वाटणं जास्त खरं ठरत होतं. सांगितलं असतं तर तो थांबला नसता, ग्रुपवर रोज दहा अंदाज आले असते. म्हणून नाही सांगितलं... आता वाटतं, सांगायला काय हरकत होती?

चौदा हा आकडा मी तेव्हाच नीट पाहायला हवा होता. सात हिवाळे, दर हिवाळ्याला दोन. बडबड्या माणूस, पण दोनवर थांबायचा. तिसरी आली की गिळायचा. 'माह्या पोटात एक बातमी हाय पण मी सांगून नाही राह्यलो,' असं लिहायचा आणि सर त्याला आणखी डिवचायचे. सात वर्षं एकदाही तो तिसरीवर गेला नाही. या जानेवारीत गेला. मी तेव्हा स्वतःला एवढंही विचारलं नाही, की असं का?

बातमी अशी होती : एका जुन्या टीमची नवी गाडी धडक-चाचणीत टिकली नाही आणि ती पहिल्या सरावाला मैदानावर येणार नाही. मी विचारलं, आधार? त्यानं लिहिलं, 'मले वाटते.' मी वही उघडली. लाल रेघ मारलेली होती. शेवटची शर्यत झाली की मी वहीत लाल रेघ मारतो आणि तिच्या खाली हिवाळा सुरू होतो. रेघेखाली सुधाकरच्या नावापुढे दोन 'बिनआधार' होते. ही तिसरी. मी ग्रुपवर जाहीर केलं. सरांनी टाळ्या पाठवल्या, कारण आठ हिवाळ्यांत पहिल्यांदाच कोणी सापडलं होतं, आणि तेही सरांच्या मनातलं. थोड्या वेळानं सुधाकरचा मेसेज आला, 'मोजून पाह्य एकडाव.' मी लिहिलं, 'मोजलं आहे.' मग त्यानं लिहिलं, 'बरं. मी चाललो बागकामाच्या रजेवर.'

ही शर्यतींच्या जगातली रजा आहे. एखादा मोठा इंजिनिअर एक टीम सोडून दुसरीकडे निघाला की जुनी टीम त्याला सहा महिने, वर्षभर घरी बसवते, म्हणजे तिची गुपितं इकडची तिकडे ताजी जाऊ नयेत. पगार चालू, काम बंद. माणसानं घरी बसून बाग करावी, म्हणून बागकामाची रजा. आम्ही सगळे हसलो. सुधाकरचं ग्रुपवरचं ते शेवटचं वाक्य.

त्यानंतर तो सदतीस दिवस जगला. मी हे दिवस बऱ्याचदा मोजले आहेत. पहिल्या आठवड्यातच त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि डोळे पिवळे झाले. आधी अकोला, मग नागपूर. स्वादुपिंडाचा आजार, हाती फार काही नव्हतं. यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. निलेशचं कारंज्यात औषधाचं दुकान आहे. त्यानं एकदा ग्रुपवर लिहिलंही, 'सुधाकरभाऊचं शटर चार दिवस झाले बंद दिसून राह्यलं.' त्यावर सरांनी लिहिलं, 'रजेवर हाय तो. गुलाब लावून राह्यला असन.' सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मीही टाकला. फेब्रुवारीत नव्या गाड्यांचा सराव झाला, ती टीम पहिल्याच दिवशी पहिल्याच तासाला मैदानावर आली. मी सुधाकरच्या तिसऱ्या बातमीपुढे 'चूक' लिहिलं. लिहिताना बरं वाटलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

फोन करता आला असता. नियमात ग्रुपवर बोलायला बंदी होती, फोनला नव्हती. कलमं मीच लिहिली आहेत, मला ठाऊक आहे. पण मला वाटलं, फोन केला तर तो बातम्या सांगत सुटेल आणि मला ऐकाव्या लागतील, मग ती बंदी कसली? शिवाय मोजणीचे दिवस होते, रोज एक गाव. आणि मनात असंही होतं की मार्चच्या पहिल्या शर्यतीला सगळे भेटणारच आहोत, तेव्हा त्याच्या शिव्या एकदाच खाऊ. सदतीस दिवसांत माझ्या मोबाइलवरून एकूण किती फोन गेले ते मी पाहिलं. तो आकडा इथे देत नाही. त्यात एकही सुधाकरला नव्हता.

पहिली शर्यत त्याच्या तेरवीच्या दोन दिवस आधी आली. मी पाहिली नाही. सरांनी पाहिली, आणि ग्रुपवर फक्त निकाल टाकला. तेरवीला इंझोरीला सगळे गेलो. मांडवात बसून जेवलो. वहिनींशी, म्हणजे सुधाकरच्या बायकोशी, शोभावहिनींशी, दोन वाक्यंही बोलता आली नाहीत; बायकांच्या गर्दीत त्या होत्या. मी वाशीमला परत आलो, पण स्वस्थता नव्हती. जेवताना उठायचो, अंगणात जायचो, परत यायचो. बायको म्हणाली, "तुमी काहून असे फिरून राह्यले? एका जागी बसा तरी." मी म्हटलं, काही नाही. मला एकच जाणून घ्यायचं होतं. शेवटच्या दिवसांत तो आमच्यावर रागावला होता का? माझ्यावर? तो गप्प होता तो आजारामुळे की माझ्या नियमामुळे? ही गोष्ट वहीत नव्हती आणि विचारायला कोणी नव्हतं.

मग सरांनी सुचवलं, सुधाकरवर काहीतरी लिहा, पेपरच्या पुरवणीला पाठवू. मी लिहायला बसलो. त्याचे शब्द जसेच्या तसे यावेत म्हणून डिसेंबरपासूनचे ग्रुपवरचे मेसेज काढले आणि वहीशेजारी ठेवून एकेक ताडून पाहायला लागलो. मोजणीत आम्ही असंच करतो, नकाशा एका हाताला आणि जागेवरची खूण दुसऱ्या हाताला. पहिल्याच पानावर थांबलो.

सुधाकरची पहिली बिनआधार बातमी अशी होती : 'उद्या झेंडा पडला का त्यायचा मोठा इंजिनिअर सोडून चालला.' उद्या. हा मेसेज शनिवारी संध्याकाळचा होता. शेवटची शर्यत रविवारी होती. म्हणजे शनिवारी सीझन चालू होता, कोणी काहीही बोलू शकत होतं, आणि ही बातमी लाल रेघेच्या वर यायला हवी होती. ती खाली कशी आली तेही कळलं. त्या शनिवार-रविवारी मी अकोल्याला एका लग्नात होतो. सोमवारी परत येऊन वही भरली. आधी लाल रेघ मारली, मग दोन दिवसांच्या बातम्या एकदम उतरवल्या. वर सोमवारची तारीख घातली आणि खालच्या ओळींना तारखेच्या रकान्यात नुसती दोन-दोन टिंबं दिली, वरचीच तारीख म्हणून. टिंबं देत गेलो आणि शनिवार सोमवार झाला. सुधाकरच्या नावावर दोनच होत्या. तो या वर्षीही दोनवरच थांबला होता.

आणि मी त्याला लिहिलं होतं, 'मोजलं आहे.'

चोवीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजतो. हातभर फरकासाठी भाऊ भावाशी बोलत नाहीत हे रोज पाहतो. मोजणी पुन्हा करा असा कोणी अर्ज दिला, तर पुन्हा करतो; चिडत नाही. सुधाकरनं एका ओळीत अर्ज दिला होता. मी तो एका ओळीत फेटाळला.

गेल्या रविवारी सकाळी इंझोरीला गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मुलगी नागपूरला शिकते, ती परत गेली होती. मला वाटलं होतं घर शांत असेल, तर टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत गेलो तर वहिनी खाली चटईवर बसून शर्यत पाहत होत्या. गाड्या नुकत्याच रांगेत लागत होत्या. मी वही पिशवीतून काढली आणि उभ्यानंच सुरुवात केली, "वहिनी, मला एक सांगायचं होतं..." त्यांनी हात वर केला. "थांबा भाऊजी. लाल दिवे लागून राह्यले. आता बोलाचं नसते." पाच दिवे एकेक करून लागले, विझले, गाड्या सुटल्या. पहिलं वळण पार होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. मग म्हणाल्या, "हां. बसा. आता बोला. च्या मांडू?"

वहिनींना या शर्यतींचा राग होता हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. रविवारचं पाहुण्यांकडे जाणं त्या गाड्यांपायी चुकतं म्हणून त्या चारचौघांत बोलून दाखवायच्या. मी विचारलं, "तुम्ही कधीपासून पाहता?" त्या म्हणाल्या, "पाह्यत काय व्हती मी. दवाखान्यात शिकली. तुमी त्याईले ग्रुपवर बोलू देत नव्हते, मंग त्याईनं कोणाले सांगाचं? मलेच सांगे. सकाऊन डोळे उघडले का सुरू. कोणाचं इंजिन, कोणाचं काय. नर्सबाई बी हासे. बाजूच्या खाटंवरचे बाबा म्हणत, याईच्या तिकडं गाड्या हायेत काय? मी म्हणो, गाड्या कुठच्या, पंप-नोझलचं दुकान हाय."

मग मी वही उघडून त्यांना चूक दाखवली. शनिवार, रविवार, सोमवार, लाल रेघ, टिंबं. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही.

"त्याईले माईत व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"हेच. शनिवारचं. अकोल्याले भरती केलं त्या दिवशी मोबाइलात मांगचं मांगचं काढून मले दाखवलं. इतके हासले का सलाईन हाललं. म्हणे, मोजणीवाल्यानं माह्या वावरात बांध सरकवला."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं नं त्याईले. फोन करा अन् सांगा. तर म्हणे नाही, पयल्या शर्यतीच्या दिवशी सांगतो, सर्वायसमोर. त्याले उभं करतो अन् तारखा वाचाले लावतो. त्याचं तोंड पाह्याचं हाय मले."

मी हसलो. खरंच हसू आलं, ते त्याच्या तोंडचं ऐकल्यासारखं होतं. पण मी ज्यासाठी गेलो होतो ते अजून विचारलं नव्हतं. टीव्हीवर गाड्या टायर बदलायला आत येत होत्या. मी विचारलं, "वहिनी, तो रागावला होता का?"

 मला दिलासा द्यावा असं त्यांच्या मनात आलं असेल तर त्यांनी तो विचार सोडला, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. "पयले पंधरा दिवस हासले," त्या म्हणाल्या. "मंग नागपूरचे रिपोर्ट आले. मंग नाही हासले. मंग दोन-तीन डाव म्हणे, अरुणचा फोन नाही आला. मी म्हणो, तुमी लावा. म्हणे, मी नाही लावत, मी रजेवर हावो. नियम त्याचा हाय, त्यानं लावाव." मग म्हणाल्या, "राग म्हणा का नका म्हणू. वाट पाह्यली."

मी वही मिटली. वहिनी उठून चहा घेऊन आल्या. मग त्यांनी स्वतःच विषय बदलला. दवाखान्यात सुधाकरनं सांगितलेल्या बातम्या त्यांना पाठ होत्या, आणि त्यातल्या खऱ्या किती निघाल्या ते त्यांना माझ्याकडून हवं होतं. नऊ होत्या. एकेक त्या सांगत गेल्या, मी ताडून पाहत गेलो. काहींचा निकाल लागायला अजून अवकाश आहे, चार तेवढ्यात खऱ्या झाल्या होत्या. एक तर मलाही माहीत नव्हती, वहिनींनीच टीव्हीकडे बोट करून दाखवली, "हे पाहा न, हा पोरगा दुसऱ्या टीममंदी जाईन म्हणे. आता कसा त्यायच्याच मालकाशी बोलून राह्यला." मी म्हटलं, नऊपैकी चार, म्हणजे त्याच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा बरंच चांगलं. त्या म्हणाल्या, "मले सांगतानी खोटं कमी बोलत असन."

निघताना त्यांनी दारात विचारलं, पुढची शर्यत किती वाजता आहे, सकाळी की संध्याकाळी? मी वेळ सांगितली. "मंग या," म्हणाल्या. "एकटीनं पाह्यलं का मधातल्या फेऱ्या लई लांब वाटतात."

परत येताना कारंज्यात मी गाडी थांबवली. त्याच्या दुकानाचं शटर बंद होतं. शटरसमोर दोन शेतकरी पोत्यात गुंडाळलेला पंप घेऊन उभे होते, त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांतला म्हातारा पंप खाली ठेवून म्हणाला, "मंग आता हा ऐकन कोण?"

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर तारखा लिहिल्या. सरांनी उत्तर दिलं, 'आपण सगळेच हसलो होतो, तुम्ही एकटे मनाला लावून घेऊ नका.' निलेशनं फोन केला. पण सुधाकरला हे सर्वांसमोर वाचून हवं होतं, माझ्याकडून, उभं राहून. पहिली शर्यत होऊन गेली, तो दिवस गेला. माझं तोंड पाहायला तो नाही. सर्वांसमोर म्हणावं अशी मला मिळालेली जागा ही पुरवणी आहे, म्हणून इथे वाचतो. सुधाकरची पहिली बातमी शनिवारची. शेवटची शर्यत रविवारची. वहीत ती ओळ मी खोडून लाल रेघेच्या वर लिहिली आहे आणि शेजारी माझी सही केली आहे. जानेवारीत मी लावलेली बंदी चुकीची होती. त्याच्या नावावर दोनच बातम्या होत्या. तो बोलू शकत होता.